पाटीची मागची बाजू

गावाची जाहिरात करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे ते काम एकमताने म्हणूनसरांच्या गळ्यात पडलं.

म्हणूनसर म्हणजे कॉलेजात उभा जन्म तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर. त्यांच्या दर दुसऱ्या वाक्यात ‘म्हणून’ यायचं, आणि ते आलं की समोरच्याने मुकाट्याने मान डोलवावी अशी त्यांची अपेक्षा असायची. विद्यार्थ्यांनी ठेवलेलं हे नाव पुढे गावाने उचललं, ते इतकं की त्यांच्या खऱ्या नावाचं पत्र आलं तर पोस्टमन ते घेऊन दोन दिवस भलत्याच गल्ल्यांतून हिंडायचा. कॉलेजात त्यांचा दरारा होता. घरात मात्र त्यांचं एकही अनुमान आजवर सिद्ध झालेलं नव्हतं. “आभाळ आलंय, म्हणून छत्री घे,” असं ते म्हणाले की बायको छत्री न घेता निघायची आणि कोरडीठाक परत यायची. हे एकदा नाही, दर वर्षी व्हायचं.

या वयात लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस सरांना नव्हती. पण कारण घरातच होतं. थोरला मुलगा शिकून परदेशी गेला होता आणि आता फक्त रविवारी फोनवर दिसायचा, तोही कपाळापासून वर, कारण फोन कसा धरावा हे त्याला कुठल्याच विद्यापीठाने शिकवलं नव्हतं. राहता राहिली धाकटी. तिचं शिक्षण झालं होतं, गावात नोकरी नव्हती, आणि ती शेजारपाजारच्या मुलांना गणित शिकवून दिवस ढकलत होती. परवा जेवताना तिने शांतपणे सांगितलं होतं, “बाबा, मुलांची परीक्षा संपेपर्यंत वाट बघते. इथे काही जमलं तर ठीक. नाहीतर मी शहरात जाते.”

सर त्या दिवशी दुसऱ्यांदा भात वाढून घ्यायला विसरले.

अशात बातमी आली की शहरातली एक मोठी कंपनी एखाद्या लहान गावात नवं ऑफिस काढायचं म्हणते आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर दोन गावं होती. एक हे, आणि दुसरं नदीपलीकडचं, जिथे सिमेंटचा कारखाना होता आणि जिथे माणसं पांढऱ्या शर्टाच्या नादाला लागत नसत. सरांनी लगेच मांडणी केली. गावात नोकऱ्या नाहीत, म्हणून पोरं जातात. कंपनी आली तर नोकऱ्या येतील. म्हणून धाकटी राहील.

“अहो, पण तिला विचारलंत का?” बायको म्हणाली.

तर्कशास्त्रात विचारायची सोय नसते. सर चपला घालून थेट व्यापारी संघाच्या बैठकीला गेले, तावातावाने बोलले आणि परतले ते ‘गाव-गौरव समिती’चे निमंत्रक होऊन. जो बोलेल त्याने करायचं, हा सगळ्या बैठकांचा नियम सर ऐन वेळी विसरले होते.

व्यापारी संघाचे अध्यक्ष होते झेरॉक्सवाले. कॉलेजसमोर त्यांचं दुकान होतं. त्यांच्या यंत्रातून गेल्या वीस वर्षांत इतक्या नोट्स निघाल्या होत्या की वर्गात बसलेल्यांपेक्षा त्या यंत्राला जास्त कळत असावं. खरं सांगायचं तर या गावात एक कॉलेज होतं आणि कॉलेजच्या भोवती जे काही होतं त्याला गाव म्हणायची पद्धत होती. खाणावळी, भाड्याच्या खोल्या, वह्यापुस्तकांची दुकानं, सायकलींची पंक्चर काढणारा, न्हावी, सगळं पोरांच्या जिवावर चालायचं. आणि सगळ्यांची एकच तक्रार असायची, ती म्हणजे या पोरांनी वैताग आणला आहे.

ही तक्रार सर्वांत खड्या आवाजात करायचे ते सरांचे शेजारी, बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर. ते रोज सकाळी कुंपणाच्या भिंतीशी उभं राहून दात घासत आणि घासता घासता सल्ला देत. अर्धा सल्ला फेसात जायचा आणि उरलेला सरांच्या अंगावर यायचा.

“सर, बाहेरच्या माणसाला काय लागतं? शांतता!” ते ब्रश हलवत म्हणाले. “दुसरं काही लिहू नका. शांतता लिहा.”

सरांनी माहितीपत्रक लिहायला घेतलं. पण सर पडले जातिवंत तर्कशास्त्री. कुठलाही सिद्धान्त मांडायचा तर आधी विरुद्ध बाजूचे आक्षेप प्रामाणिकपणे मांडायचे, मग ते एकेक करून खोडायचे, ही त्यांची शिस्त. म्हणून ते आधी आक्षेप गोळा करायला गावात फिरले. गावाने मन मोकळं केलं. उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड, बाजारातल्या रस्त्याला खड्डे नसून खड्ड्यांना मधून मधून रस्ता, पालिकेच्या बागेतला कारंजा उद्घाटनाच्या दिवशी उडाला तो शेवटचा, डास तर असे की ते चावत नाहीत, उचलून नेतात. सरांचं एक पान भरलं, दोन्ही समास भरले. मग उलटून त्यांनी मागच्या बाजूला या सगळ्याचं सणसणीत खंडन लिहिलं.

झेरॉक्सवाल्यांनी मोठ्या मनाने छपाई अंगावर घेतली. फक्त त्यांच्या यंत्राचा दोन्ही बाजूंनी छापणारा भाग दिवाळखोर माणसासारखा कुरकुरत बंद पडला होता. “पुढची बाजू छापून घेतली, सर. मागची नंतर बघू,” ते म्हणाले आणि उत्साहाच्या भरात अख्खा गठ्ठा बस स्टँडवर वाटूनही मोकळे झाले. त्या दिवशी गावात उतरणारे दोन प्रवासी पत्रक वाचून पुन्हा बसमध्ये जाऊन बसले, असं कंडक्टरने न्हाव्याला सांगितलं आणि न्हाव्याने गावाला.

“हे वाचून तर मीच गाव सोडीन,” बायको म्हणाली.

सर खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. एवढी वर्षं मुलांना ‘आधी पूर्ण वाचा, मग मत द्या’ असं बजावलं आणि आपल्याच बाबतीत अर्धं वाचून निकाल लागला, याचं त्यांना फार लागलं. तेव्हा धाकटीने ते पत्रक उचललं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि दुपारभरात नवं लिहून काढलं. तिने लिहिलं होतं की सकाळी कॉलेजची घंटा झाली की दूधवाला, न्हावी आणि परीक्षेला उशीर झालेला पोरगा एकाच रस्त्याने पळतात. इथे छत्री विसरली तर ती आपण होऊन घरी येते, आणि आपण ती कुठे विसरलो हे गावाला आपल्या आधी कळलेलं असतं. इथे आजारी पडायचं असेल तर परवानगी लागते, कारण डॉक्टर, शेजारी आणि खाणावळवाल्या मावशी तिघांचंही औषध एकदम घ्यावं लागतं. शेवटी तिने लिहिलं होतं की या गावात दर वर्षी नवी पोरं येतात, म्हणून गाव म्हातारं होत नाही.

सरांनी ते दोनदा वाचलं. त्यांचे डोळे भरून आले आणि ते चष्म्याची काच पुसण्याच्या निमित्ताने खिडकीशी गेले. जिला गाव इतकं कळलं आहे ती गाव सोडून कशाला जाईल? त्यांनी हे बायकोला बोलून दाखवलं.

बायको डाळ निवडत होती. “अहो, निघालेला माणूसच असं लिहितो,” ती म्हणाली. “राहणारा खड्डे लिहितो.”

सरांनी हे ऐकलं नाही असं ठरवलं आणि तेच पत्रक कंपनीला धाडून दिलं.

पुढे पाटीचं प्रकरण निघालं. गावाच्या वेशीवर स्वागताची एक छान पाटी हवी, असं समितीत ठरलं. सर पालिकेच्या परवानगीच्या खिडकीवर गेले. खिडकीमागे जे साहेब बसत त्यांच्याविषयी गावात असं म्हणत, की त्यांनी ‘हो’ हा शब्द लग्नात एकदा वापरला आणि तेव्हापासून ते सावध आहेत. पुलाजवळ पाटी नको, कारण पूल दुसऱ्या खात्याचा. वडाजवळ नको, कारण झाडं तिसऱ्या खात्याची. नाक्यावर नको, कारण तिथे एका पुढाऱ्याची पाटी आहे आणि ती कुणाच्याच खात्याची नाही. सरांनी सात-आठ हेलपाटे घातले. शेवटी साहेबांनी नकाशावर एका जागी पेन टेकवलं.

“इथे लावा. इथून कधी कुणाची तक्रार आलेली नाही.”

ती जागा स्मशानाच्या फाटकाला लागून होती. पाटीचा मजकूर तोवर ठरून रंगवायलाही गेला होता: ‘या, आणि कायमचे इथलेच होऊन राहा.’

“आणि अक्षर वीतभरापेक्षा मोठं काढायचं नाही,” साहेबांनी खिडकी लावता लावता सांगितलं. “मोठ्या अक्षराने गाडीवाल्यांचं लक्ष जातं.”

“पाटी त्याचसाठी असते ना?” सर म्हणाले. पण खिडकी लागली होती.

पाटी रंगवून झाली तेव्हा झेरॉक्सवाल्यांनी विचारलं, “सर, मागच्या बाजूला काय लिहायचं? जाणाऱ्यांसाठी? ‘पुन्हा या’ वगैरे?”

“जाणार कोण आहे?” सर ठसक्यात म्हणाले. “कोरी ठेवा.”

कंपनीच्या मॅडम पाहणीला येणार त्याच्या आदल्या आठवड्यात समितीची शेवटची बैठक झाली. मॅनेजर त्या समितीत कसे शिरले हे कुणालाच सांगता येत नव्हतं, पण ते अध्यक्षांच्या शेजारी बसले होते. ते म्हणाले, “सगळं केलंत, पण त्या दिवशी ही कार्टी मोटारसायकली उडवत हिंडली तर काय दिसणार? ओरडणं, शिट्ट्या, रस्त्यात घोळके. एक दिवस घालवून द्या त्यांना. गाव कसं नुसतं शांत दिसलं पाहिजे.”

सगळ्यांचे चेहरे उजळले. प्राचार्यांचा तर विशेष, कारण सुट्टी द्यायला त्यांना कारण कधीच लागत नसे, फक्त कुणीतरी सुचवावं लागे. कॉलेजला एक दिवस सुट्टी जाहीर झाली, वसतिगृहातली पोरं आदल्या संध्याकाळीच आपापल्या गावी पिटाळली गेली. सरांनी मनातल्या मनात ताळा केला. शांतता हवी. पोरं गोंगाट करतात. म्हणून पोरं नकोत. एवढ्या विद्वानांच्या बैठकीत एकाच्याही डोक्यात पुढची पायरी आली नाही, आणि हे दुःख सरांना पुढे फार दिवस पुरलं.

मॅडमची गाडी वेशीवर थांबली तेव्हा समिती हार न घेता, फक्त हसू घेऊन उभी होती. मॅडमनी पाटी वाचली, मग शेजारचं फाटक पाहिलं, मग पुन्हा पाटी वाचली आणि फोन काढून फोटो घेतला.

“कल्पक आहात,” त्या म्हणाल्या. हे कौतुक आहे की काय आहे, यावर सर मुख्य रस्ता येईपर्यंत विचार करत राहिले.

मुख्य रस्ता आला आणि सरांनी चष्मा सावरून पुन्हा पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकूण एक दुकान बंद होतं. खाणावळी बंद. वह्यापुस्तकं बंद. चहाची टपरी बंद, तिच्यावर ताडपत्री. न्हाव्याच्या दाराला कुलूप, पंक्चरवाल्याच्या फळीवर उलटी ठेवलेली घमेली. कॉलेजला सुट्टी की गावाला सुट्टी, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, कारण तो लिहायची गरज कधी पडली नव्हती. पोरं नाहीत तर दुकान उघडून करायचं काय? पिढ्यान् पिढ्या गाव असंच वागत आलं होतं, आणि आजही कुणी जाणूनबुजून काही केलेलं नव्हतं. सकाळी उठून सगळे पुन्हा झोपले होते.

“अहो, उघडा दुकानं! पाहुणे आलेत!” झेरॉक्सवाले रिकाम्या रस्त्यात ओरडले. त्यांचा आवाज घुमून परत आला.

“तुमचंच दुकान उघडा ना आधी,” सर दातओठ खात पुटपुटले.

झेरॉक्सवाल्यांनी खिसे चाचपले. सवयीने तेही सकाळी कुलूप तपासूनच इकडे आले होते. किल्ली घरी होती, घराची किल्ली बायकोकडे होती आणि सुट्टी आहे म्हणून बायको माहेरी गेली होती.

मॅडम रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. “शांतता छान आहे,” त्या म्हणाल्या. “पण माणसं कुठे आहेत?”

“एक नाही!” मॅनेजर छाती काढून म्हणाले. “सगळी घालवली!”

“आम्हाला तरुण माणसं हवी होती,” मॅडम म्हणाल्या. “कॉलेजचं गाव आहे म्हणूनच आलो होतो.”

ते ‘म्हणूनच’ सरांना थोबाडीत बसल्यासारखं लागलं. मग प्राचार्यांनी ग्रंथालय दाखवायला नेलं. ग्रंथालयाला कुलूप होतं, कारण ग्रंथपालही सुट्टी मनापासून पाळत. तेव्हा सगळ्यांनी आळीपाळीने खिडकीच्या काचेला नाक लावून पुस्तकांच्या पाठी पाहिल्या. प्राचार्य बाहेरूनच बोटाने दाखवत होते, “तो कोपरा फार समृद्ध आहे.” उन्हात उभं राहून मॅडमना तहान लागली, आणि गावात पाणी मिळण्याची एकच उघडी जागा उरली होती. ती म्हणजे सरांचं घर.

दारात बायको उभीच होती. एका नजरेत तिला सगळं कळलं. “या, बसा. चहा टाकते,” ती म्हणाली, आणि सरांकडे बघून एक अक्षर बोलली नाही. तेवढ्यासाठी सरांनी तिला मनोमन दंडवत घातला.

धाकटीने पाणी आणलं. मॅडमनी रस्त्याचा प्रकार सांगितला तशी ती खो खो हसली. आणि मग जे खरं ते सांगितलं: पोरं गेली की हे गाव असंच होतं, फुग्यातली हवा सोडल्यासारखं. उद्या घंटा झाली की पुन्हा गर्दी, पुन्हा शिव्या, पुन्हा टपरीवर उधारी. “बाबांना वाटलं, तुम्हाला शांतता आवडेल,” ती म्हणाली. “त्यांना स्वतःलाही ती आवडत नाही. सुट्टीत ते रिकाम्या वर्गात चक्कर मारून येतात.”

हे घरात कुणाला माहीत असेल असं सरांना वाटलं नव्हतं.

मॅडमनी पर्समधून पत्रक काढलं. “हे कुणी लिहिलंय? आमच्या ऑफिसात सगळ्यांनी वाचलं.”

“माझ्या मुलीने,” सर ताठ बसत म्हणाले. सगळ्या दिवसाच्या फजितीनंतर त्यांना पहिल्यांदाच मान वर करायला जागा मिळाली होती, आणि त्यांनी ती पुरेपूर वापरली. लहानपणी ती निबंधात कशी पहिली यायची, तिची वाक्यं कशी बेतशीर असतात, तिचं वाचन किती आहे, हे ते बोलत सुटले. धाकटी “बाबा, पुरे” म्हणत राहिली. मॅडम ऐकत राहिल्या. बायकोने मात्र चहाची किटली टेबलावर ठेवली आणि सरांकडे अशा नजरेने पाहिलं, जणू गाडी उताराला लागलेली दिसते आहे पण ब्रेक दुसऱ्याच्या पायाशी आहे.

पुढच्या आठवड्यात दोन निरोप आले. एक व्यापारी संघाला: कंपनीने नदीपलीकडचं गाव पक्कं केलं, कारण तिथे धूळ असली तरी धुळीत माणसं होती. मॅनेजर म्हणाले, “मी आधीच सांगितलं होतं.” काय सांगितलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. झेरॉक्सवाल्यांनी समिती बरखास्त केली, आणि निमंत्रकांच्या हलगर्जीपणाबद्दल खेद व्यक्त करून तिच्या शेवटच्या ठरावाच्या भरपूर प्रती काढल्या.

दुसरा निरोप धाकटीला होता. शहरातल्या मुख्य ऑफिसात लिहिण्याची नोकरी, ताबडतोब. नदीपलीकडच्या ऑफिसात हे काम नव्हतं, ते मुख्य ऑफिसातच होतं. तिने फोन सरांच्या समोर धरला. बोलताना तिचा आवाज फार लहान झाला होता. “बाबा, तुम्ही नको म्हणालात तर मी खरंच जाणार नाही.”

सरांना ‘नको’ म्हणायचं होतं. त्यांनी फोनवरचा निरोप वाचला, पुन्हा वाचला, आणि जुन्या सवयीने बोटं मोजत सुरुवात केली. “त्यांना चांगलं लिहिणारं माणूस हवं आहे. तू चांगलं लिहितेस. म्हणून...”

तिसरं बोट तसंच उभं राहिलं.

“म्हणून ती जाणार,” बायकोने वाक्य पुरं केलं आणि पदराने डोळे पुसले.

घरात सरांचं पहिलंवहिलं अनुमान सिद्ध झालं होतं. ते चुकावं असं त्यांना इतकं कधीच वाटलं नव्हतं.

धाकटी सकाळच्या बसने गेली. स्टँडवर सरांनी तिला पाण्याची बाटली, मोसंबी, डास पळवणारी वडी आणि पाऊस पडला तर असू दे म्हणून छत्री दिली. बस हलली तशी ते हात हलवत उभे राहिले आणि बस वळणाआड गेल्यावरही हात खाली घ्यायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

“बाबा, आत्ता वेस ओलांडली,” ती म्हणाली. ती हसत होती की रडत होती ते बसच्या खडखडाटात कळत नव्हतं. “तुमच्या पाटीची मागची बाजू कोरी आहे हो. जाणाऱ्यांसाठी तुम्ही काहीच लिहिलं नाहीत.”

सर घरी गेलेच नाहीत. ते तसेच पालिकेत गेले आणि परवानगीच्या खिडकीपुढे उभे राहिले. अर्जावर त्यांनी मजकूर लिहिला, ‘पोचलात की फोन करा,’ आणि पूल, झाडं, रस्ते अशा सगळ्या खात्यांच्या आक्षेपांचं खंडन मनात जुळवून ठेवलं.

खिडकीमागच्या साहेबांनी अर्ज वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचला.

“कोण गेलं?”

“धाकटी.”

“माझे दोघंही शहरात गेले,” साहेब म्हणाले. त्यांनी खण उघडून शिक्का काढला, शाईवर दाबला आणि कुठल्याही खात्याचं नाव न घेता अर्जावर मारला.

सर कागद घेऊन वळले. चार पावलं जातात तोच मागून खिडकीतून हाक आली.

“अहो सर, अक्षर जरा मोठं काढा. बस तिथे वेग धरते.”